जुन्या बाजारातला रेझर, फ्लॉरेन्सचा साबण आणि वाण्याकडची तुरटी

पुण्यातील जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. साडेचार वर्षांपूर्वीच्या एका रविवारी तेथील एका पथारीवर नळाच्या तोट्या, बिजागऱ्या आणि बंद पडलेली मनगटी घड्याळे यांच्या ढिगात मला पितळेवर निकेलचा मुलामा दिलेला, तीन भागांत सुटा होणारा एक रेझर दिसला. पात्याखालच्या पट्टीवर ‘जिलेट’ आणि ‘मेड इन इंग्लंड’ अशी अक्षरे होती, आट्यांमध्ये हिरवा कळंक साचला होता आणि दांड्याच्या तोंडाशी वाळलेल्या साबणाचे पांढरे कडे होते. ज्याने तो शेवटचा वापरला, त्याने तो धुऊन ठेवला नव्हता. पथारीवाल्याने चारशे रुपये सांगितले, ‘काका, विलायती माल आहे, आता असा बनत नाही’ असे दोनदा ऐकवले आणि अडीचशेला दिला. हा रेझर जिलेटचा ‘टेक’ होता, आणि आज मी आठवड्यातून पाच वेळा दाढी करतो ती बहुतेक त्यानेच.

त्यापूर्वी वीसएक वर्षे मी तीन आणि पुढे पाच पात्यांचे कार्ट्रिज वापरत असे. गाल स्वच्छ होत; गळ्यावर मात्र, कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना, दर दोन दिवसांनी लाल पुटकुळ्या येत आणि त्यांतील काहींत केस कातडीखालीच वळून बसलेला असे. एकापेक्षा अधिक पात्यांच्या रेझरची रचनाच अशी असते की, पुढचे पाते केसाला किंचित वर ओढते आणि मागचे पाते तो इतका खालून कापते की त्याचे टोक कातडीच्या आत जाते. सरळ केसांच्या माणसाला हे सोयीचे पडते. ज्याच्या गळ्यावरचे केस कुरळे आणि आडवेतिडवे उगवतात, त्याचा केस पुन्हा वर येताना वाट चुकतो. एकाच पात्याकडे मला या पुटकुळ्यांनी वळवले. जुन्या वस्तूंची ओढ नंतर लागली आणि तिच्यापायी थोडे पैसेही गेले.

या काळात माझ्याकडे तीन प्रकारचे जुने रेझर, चार साबण, दोन ब्रश आणि आफ्टरशेव्हच्या पाच बाटल्या येऊन गेल्या. त्यांपैकी ज्यांविषयी सांगण्यासारखे आहे, त्यांच्याविषयी पुढे लिहितो. पण माझे मत आधी नोंदवतो, म्हणजे वाचणाऱ्याला ते पडताळत जाता येईल. दाढी चांगली होते ती सर्वप्रथम फेसामुळे, त्यानंतर पात्यामुळे आणि सर्वांत शेवटी रेझरमुळे. या छंदात नव्याने पडणारे बहुतेक जण पैसा नेमका उलट्या क्रमाने घालवतात. मीही तेच केले.

टेक जिलेटने १९३८ साली बाजारात आणला, पण त्याचा सांगाडा मूळ कल्पनेचाच आहे. किंग कॅम्प जिलेट यांना बोथट झाल्यावर टाकून देण्याच्या पातळ पात्याच्या रेझरचे अमेरिकन पेटंट १५ नोव्हेंबर १९०४ रोजी मिळाले. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षी, सगळे मिळून ५१ रेझर आणि १६८ पाती खपली होती. तेव्हापासूनची मांडणी हीच: वर पाते वाकवून धरणारी टोपी, मध्ये पाते टेकते ती पट्टी आणि खाली दोघांना आट्यांनी आवळणारा दांडा. जुन्या जिलेट रेझरांना बहुधा पात्याखाली फणीसारखे दात असत. टेकमध्ये त्यांच्या जागी सलग, बारीक खोबणीची कड आली. पाते पोहोचण्याआधी ही कड कातडी सपाट करते, आणि पात्याची धार तिच्यापुढे इतकी थोडी डोकावते की सकाळच्या घाईत अर्धवट झोपेत दाढी करणाऱ्यालाही सहसा कापत नाही. हाच त्याचा मोठा गुण, आणि काहींच्या मते हाच दोष. चार दिवसांचे राठ खुंट टेकला एका फेरीत आवरत नाहीत. केस उगवतात त्या दिशेने सुलट, मग आडवा आणि शेवटी उलट असे तीन हात फिरवावे लागतात. रोज किंवा दिवसाआड दाढी करणाऱ्याला दोन पुरतात.

दांडा माझ्या तर्जनीएवढा आहे, त्यामुळे कार्ट्रिजच्या लांब प्लास्टिक दांड्याची सवय असलेल्या हाताला तो पहिले आठ दिवस सापडतच नाही. तो दोन बोटे आणि अंगठा यांत सैल धरावा, टोपी गालाला टेकवावी आणि आवाज येईपर्यंत दांडा हळूहळू खाली उतरवावा. कोन किती अंशांचा, हे सांगणारे पुष्कळ भेटतील. मला मात्र कानाचाच भरवसा वाटतो. खुंट कापले जात असताना, भाजलेल्या भाकरीच्या कडेवरून नख फिरवल्यासारखी बारीक खरखर ऐकू येते; केस संपले की ती थांबते, आणि ती थांबल्यावरही त्याच जागी रेझर फिरवत राहिले की कातडी सोलवटते. टेकला दाबावे लागत नाही, कारण पितळेचे वजन पुरेसे असते. कार्ट्रिजने लावलेली दाबण्याची सवय सुटायला मला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांतले माझ्या गळ्याचे फोटो मी कोणाला दाखवणार नाही.

जुना रेझर घेणाऱ्याने एक चूक टाळावी, जी मी केली. घरी आल्याबरोबर मी पितळेची समई घासायची पावडर आणि काथ्या घेऊन बसलो. कळंक गेला, आणि टोपीच्या कडेवरचा निकेलचा मुलामाही गेला. तिथे आता रुपयाएवढा नसला तरी गव्हाच्या दाण्याएवढा पिवळा डाग कायमचा आहे. योग्य रीत अशी की, रेझर गरम पाण्यात भांडी घासायचा द्रव साबण घालून अर्धा तास ठेवावा, जुन्या दात घासायच्या ब्रशने आटे आणि खोबणी स्वच्छ कराव्यात, साबणाचा थर फारच चिकट असेल तर हेच पुन्हा करावे आणि शेवटी औषधांच्या दुकानातल्या स्पिरिटने पुसावे. कोणा अनोळखी माणसाच्या चेहऱ्यावर फिरलेली वस्तू आपण वापरणार आहोत, हे लक्षात ठेवले म्हणजे या शेवटच्या पायरीचा कंटाळा येत नाही.

दुसरा रेझर सुपर स्पीड. १९४७ मध्ये आलेल्या या रेझरात सुटे भाग नाहीत. दांड्याच्या तळाची मूठ फिरवली की डोक्यावरची दोन झडपे फुलपाखराच्या पंखांसारखी उघडतात, आत पाते ठेवायचे आणि मूठ उलटी फिरवून झडपा मिटायच्या. अमेरिकेत बनलेल्या जिलेट रेझरांवर १९५० च्या दशकापासून एक अक्षर आणि एक आकडा उठवलेला असतो, त्यातले अक्षर वर्षाचे आणि आकडा तिमाहीचा. माझ्या रेझरवर ‘बी ३’ आहे, म्हणजे तो १९५६ सालच्या जुलै ते सप्टेंबर या काळात तयार झाला. हाताला तो टेकपेक्षा लांब आणि तोललेला वाटतो, दाढी किंचित अधिक जवळून होते आणि पाते बदलताना धारेला बोट लागत नाही. वयस्क माणसांसाठी, किंवा ज्यांची बोटे थरथरतात त्यांच्यासाठी, मी टेकऐवजी हाच सुचवीन.

परंतु सुपर स्पीड घेताना फसवणूक सोपी असते. माझा पहिला सुपर स्पीड मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून छायाचित्रे पाहून घेतला. आला तेव्हा चकचकीत होता, मूठही लोण्यासारखी फिरत होती. मात्र पाते बसवून उजेडात आडवा धरला तेव्हा एका बाजूची धार दुसऱ्या बाजूपेक्षा स्पष्ट जास्त बाहेर दिसली. एक झडप कधीतरी पडून वाकली होती आणि ती पूर्ण मिटत नव्हती. त्या बाजूने दाढी केली तर हनुवटी रक्ताळायची, दुसऱ्या बाजूने केली तर केस तसेच राहायचे. ‘जुन्या वस्तूत एवढे चालायचेच’ असे उत्तर देऊन विक्रेत्याने परत घेण्यास नकार दिला. तेव्हापासून माझा नियम असा की, मिटलेल्या झडपांचे समोरून आणि दोन्ही टोकांकडून काढलेले छायाचित्र मागितल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. आज वापरात असलेला ‘बी ३’ न्यू जर्सीत राहणाऱ्या मावसभावाने तिकडच्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून स्वतः उघडझाप करून आणला. टेकमध्ये हा धोका फार कमी. तीन ठोकळ भागांत वाकण्यासारखे थोडेच असते. पहिला जुना रेझर म्हणून टेक घ्यावा, असे मी म्हणतो ते यासाठीही.

तिसरा रेझर जिलेटचाच स्लिम, ज्याच्या मानेवरची चकती १ ते ९ पर्यंत फिरवून पात्याची आक्रमकता, म्हणजे धार किती बाहेर डोकावते ते, कमीजास्त करता येते. यंत्र म्हणून तो देखणा आहे आणि १९६० च्या दशकातल्या कारागिरीला दाद द्यावीशी वाटते. पण मी चकती ४ वर ठेवतो आणि ती महिनोन्‌महिने तिथेच असते. संग्रह करायचा नसेल, तर त्याची चढी किंमत देण्याचे कारण मला दिसत नाही.

रेझर जुना असला तरी पाते नवेच लागते, आणि सुदैवाने १९३० नंतरच्या या रेझरांना आजचे कोणतेही दुधारी पाते बसते. आपल्या आजोबांची पाती कार्बनयुक्त पोलादाची असत. ओली राहिली तर दुसऱ्या दिवशी तांबूस होत आणि फार तर दोनतीन दाढ्या देत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सन स्वोर्डने धारेवर पातळ लेप दिलेले न गंजणाऱ्या पोलादाचे पाते विकायला काढले आणि एकाच पात्यात आठवडा निघू लागला. आजची पाती त्याच वंशातली आहेत. म्हणजे टेक जेव्हा नवा होता, तेव्हा त्याच्या मालकाला मला मिळते तशी दाढी मिळतच नव्हती. जुन्या काळाच्या आठवणीने उसासे टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. पात्यांत माझी निवड दोन टोकांची आहे. रोजच्यासाठी, वर्षानुवर्षे ठाण्यात बनलेली सुपरमॅक्स: मऊ, स्वस्त, चार दाढ्यांपर्यंत एकसारखी. खुंट चार दिवसांचे असतील त्या दिवशी जपानची फेदर, जी इतकी तीक्ष्ण आहे की टेकसारख्या सौम्य रेझरातच मी ती वापरतो. स्लिममध्ये ती घालून पाहिली आणि चकती १ वर असूनही मला श्वास रोखूनच दाढी करावी लागली. पाच-सहा निरनिराळ्या पात्यांच्या पुड्या घेऊन प्रत्येकाला एक आठवडा द्यावा. एकाच्या कातडीला लागू पडलेले पाते दुसऱ्याला पडेलच असे नाही, आणि बहुतेक पात्यांची किंमत हॉटेलातल्या कटिंग चहापेक्षा कमी असल्याने प्रयोग परवडतो.

आता फेसाकडे येतो. सुरुवातीचे दोन महिने रेझर चांगला, पाते चांगले, साबण महागाचा, आणि तरीही गळा चरचरत असे. आमच्या गल्लीत केशकर्तनालय चालवणाऱ्या वयस्क कारागिरांना मी हे सांगितले. त्यांनी मला त्यांच्या खुर्चीत बसवून माझ्याच ब्रशने फेस करायला लावला, क्षणभर पाहिले आणि म्हणाले, ‘साहेब, केस आधी भिजू द्या की! तुम्ही नुसता साबणच फासताय.’ मग गरम पाण्यात बुडवून पिळलेला पंचा त्यांनी माझ्या तोंडावर चांगली दोन मिनिटे दाबून धरला. दाढीचा कोरडा केस तारेसारखा चिवट असतो. पाणी शोषून तो फुगला की कापायला लागणारा जोर बराच कमी होतो, आणि त्यासाठी वेळ द्यावा लागतो. अंघोळीनंतर दाढी केली तर हे आपोआप साधते. आपल्याकडे दाढी आधी आणि अंघोळ नंतर असा क्रम अनेक घरांत पक्का असतो. माझ्या घरीही होता, आणि तो उलटा केल्याने जेवढा फरक पडला तेवढा कोणत्याही रेझरने पडला नाही.

ब्रश डुकराच्या राठ केसांचा असेल तर तो वापरण्याआधी चारपाच मिनिटे पाण्यात बुडवून ठेवावा, नाहीतर तोच पाणी पिऊन टाकतो आणि फेस कोरडा पडतो. माझा इटलीतील बोलोन्याच्या ओमेगा या ब्रश बनवणाऱ्या कंपनीचा आहे. पहिले दहा दिवस त्याला गोठ्यासारखा वास येत होता आणि केस गालाला टोचत होते. नंतर टोके दुभंगली आणि आता तो मऊ आणि तरीही ताठ आहे. प्रवासासाठी कृत्रिम धाग्यांचा ब्रश बरा, कारण तो भिजवावा लागत नाही आणि बॅगेत ओला राहिला तरी कुजत नाही. पाणी निथळलेला ब्रश साबणावर अर्धे मिनिट गोल फिरवावा, मग चिनी मातीच्या वाटीत थेंब थेंब पाणी घालत घोटावे. स्टीलची वाटी ओल्या हातातून निसटते आणि हिवाळ्यात फेस क्षणात गार करते. फेस चक्क्यासारखा घट्ट दिसला तर पाणी हवे आहे, ताकासारखा पातळ झाला तर साबण हवा आहे, आणि घोटलेल्या श्रीखंडासारखा तकतकीत, बुडबुडे नसलेला झाला की चेहऱ्यावर न्यावा. डब्यातून फवारून येणारा फेस उंच दिसतो, पण तो बहुतांशी हवा असतो. पाते त्यावर घसरत नाही, त्यातून आरपार जाते.

यात आणखी एक गोष्ट आड येते, तिच्याविषयी परदेशी जाणकार फारसे बोलत नाहीत कारण त्यांच्याकडे टँकर येत नाही. आमच्या सोसायटीत मार्चपासून जूनपर्यंत महापालिकेच्या पाण्यात बोअरचे पाणी मिसळते. एप्रिलच्या एका सकाळी माझा नेहमीचा फेस वाटीतच बसला, पांढऱ्या कणांचा चोथा झाला आणि आरशासमोर उभे राहून मी साबण नकली निघाला असे ठरवून टाकले. दोष पाण्याचा होता. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातील मेदाम्लांशी संयोग पावून न विरघळणारा मळ तयार करतात, आणि जो साबण या मळात अडकतो तो फेसाच्या कामी येत नाही. उपाय साधा आहे: स्वयंपाकघरातल्या आरओ फिल्टरचे अर्धी वाटी पाणी दाढीला घ्यावे. फेसाला एवढे पुरते. तोंड धुवायला नळाचे चालते.

साबणाविषयी थोडे तांत्रिक सांगणे भाग आहे. अंगाचा साबण मुख्यतः सोडियमचा असतो, म्हणून तो कडक राहतो आणि त्याचा फेस लवकर विरतो. दाढीच्या साबणात पोटॅशियमचे प्रमाण मोठे असते आणि स्टिअरिक आम्ल भरपूर असते; पहिल्यामुळे तो मऊ आणि चटकन विरघळणारा होतो, दुसऱ्यामुळे फेस दाट होऊन दहा मिनिटे टिकतो. अंगाच्या साबणाने दाढी करणारे काटकसरी लोक आपल्या सर्वांच्या घराण्यात होऊन गेले, आणि ते दाढी करताना इतके चिडचिडे का असत, याचे हे एक कारण असावे.

माझ्या चार साबणांत पहिला क्रमांक फ्लॉरेन्सच्या प्रोरासोचा, तोही हिरव्या डब्याचा. प्रोरासो हे नाव १९४८ पासूनचे. हा साबण वडीसारखा कडक नसून लोणी आणि मेण यांच्या मधल्या पोताचा आहे, त्यात निलगिरीचे तेल आणि मेन्थॉल आहे. मेच्या उकाड्यात तो लावला की गालांवर कुणी ओला वाळा धरल्यासारखे वाटते. डिसेंबरच्या पहाटे मात्र हाच गुण नकोसा होतो आणि मी प्रोरासोच्याच चंदनाच्या लाल डब्याकडे वळतो. जड पाण्यात चौघांपैकी सर्वांत तग धरला तो प्रोरासोनेच. आयात माल असल्याने किंमत झोंबते, परंतु एक डबा मला चार-साडेचार महिने पुरतो. तुर्कस्तानची अर्को कांडी याच्या अगदी दुसऱ्या टोकाला: स्वस्त, ओल्या गालावर सरळ घासायची, वाटीची गरज नाही, फेस उत्तम. तिचा वास धुण्याच्या साबणाकडे झुकतो, तो ज्याचा त्याने ठरवावा. मला तो दुसऱ्या आठवड्यापासून आवडू लागला. जर्मनीच्या टबॅकला, जो १९५९ पासून चालत आला आहे, पावडर आणि फुलांचा इतका भारी सुगंध आहे की त्यावर दुसरे काही लावायची सोय राहत नाही. फेस मात्र चौघांत सर्वांत घसरता.

याच संदर्भात शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना. युरोप आणि तुर्कस्तानातील अनेक पारंपरिक साबणांत प्राण्यांची चरबी असते. अर्को त्यांपैकीच एक. वेष्टनावर ‘टॅलो’ किंवा ‘टॅलोएट’ हा शब्द दिसला की समजावे. हा शब्द माझ्या आईने वाचला त्या दिवशी ती कांडी न्हाणीघरातून माझ्या ऑफिसच्या बॅगेत आली. चरबीशिवाय केवळ वनस्पतिजन्य तेलांचा साबण बनवण्याचे काम आपल्याकडे गोदरेजने शंभर वर्षांपूर्वीच केले होते, आणि त्यांची दाढीच्या साबणाची गोल वडी हा माझा चौथा साबण. सुगंध साधा, फेस पटकन होतो, पण लवकर वाळतो. एकेक गाल उरकत पुढे जाणाऱ्याला ती पुरेल.

दाढी झाल्यावर काय लावावे, याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर वाण्याकडे किंवा काष्ठौषधींच्या दुकानात दहा रुपयांना मिळते. तुरटीचा खडा गार पाण्यात भिजवून ओल्या चेहऱ्यावर फिरवावा, अर्धे मिनिट थांबावे आणि धुऊन टाकावे. ती कातडी आकसवते आणि बारीक कापल्याचे रक्त थांबवते. शिवाय जिथे आपण पाते जास्त दाबले तिथे बरोबर झोंबते. माझ्या उजव्या जबड्याखाली ती रोज झोंबत असे. आरशात नीट पाहिल्यावर कळले की तिथले केस खालून वर उगवतात आणि मी ज्याला सुलट हात समजत होतो, तो त्या तळहाताएवढ्या जागेत उलट पडत होता. परदेशी घोटीव तुरटीची वडी सुंदर दिसते, म्हणून एक घेतली. वाण्याच्या खड्याहून ती अधिक काही करत नाही, फक्त तिला कोपरे नाहीत. खडा वापरणाराने धारदार कोपरे ओल्या फरशीवर घासून बोथट करून घ्यावेत.

आफ्टरशेव्ह ही यावरची चैन आहे, आणि चैन म्हणूनच तिचे मोल करावे. पुरुषांसाठीची ओल्ड स्पाइस शल्टन कंपनीने १९३८ साली आणली, म्हणजे टेक आणि ती एकाच वर्षाची भावंडे. भारतात ती बरीच वर्षे गोव्यातून येत असे, आणि जहाजाचे चित्र असलेली ती पांढरी बाटली माहीत नाही असे माझ्या पिढीचे मराठी घर विरळा. तुरटी धुऊन तोंड टिपल्यावर तळहातावर चार थेंब घेऊन लावली की आधी मद्यार्क चरचरतो, मग उडून जाताना गार वाटते आणि शेवटी लवंग, दालचिनी, व्हॅनिला असा उबदार वास दोनअडीच तास रेंगाळतो. कोरड्या कातडीच्या माणसाला मद्यार्काचे कोणतेही आफ्टरशेव्ह रोज चालणार नाही; त्याने कोरफडीचा गर किंवा खोबरेल तेलाचे दोन थेंब लावावेत आणि वास हवाच असेल तर तो सदऱ्यावर शिंपडावा. मी ओल्ड स्पाइस रविवारी आणि सणावाराला लावतो. इतर चार बाटल्या वाटून टाकल्या.

ज्यांना सकाळी दाढीसाठी चारच मिनिटे मिळतात, त्यांनी या वाटेला जाऊ नये. मला अजून बारा लागतात आणि त्यांतली पाच भिजण्याघोटण्यात जातात. विमानाने केवळ हातातली बॅग घेऊन फिरणाऱ्यांनाही हे सामान अडचणीचे, कारण सुटी पाती सुरक्षा तपासणीत काढून घेतात.

राहता राहिला वापरलेल्या पात्यांचा प्रश्न. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यावर बांधलेल्या अनेक घरांत न्हाणीघरातल्या आरशाच्या कपाटाला मागे एक फट असे आणि जुने पाते तीतून भिंतीच्या पोकळीत टाकून दिले जाई. घर पाडणाऱ्यांना आजही भिंतीत पात्यांचे ढीग सापडतात. आपण ती ओल्या-सुक्या कचऱ्यात कदापि टाकू नयेत, कारण तो कचरा हाताने वेगळा करणाऱ्या ताईंच्या बोटांत ती जातात. मी दूध पावडरच्या पत्र्याच्या डब्याला वर फट पाडून झाकण डिंकाने चिकटवले आहे. भरला की तो न उघडता भंगारवाल्याकडे जाईल. आठवड्याला एक या हिशेबाने साडेचार वर्षांत त्यात २३४ पाती पडली. एक पाते मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे जाड असते. सगळी एकावर एक नीट रचली तर उंची अडीच सेंटिमीटरही भरत नाही. डबा हलवला की अजून रिकाम्यासारखाच वाजतो.